कॉफीच्या डोंगरातली गाविओता

कोलंबियातील मानिसालेस हे शहर डोंगराच्या धारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर वसले आहे. पहाटे आकाश निरभ्र असेल तर नेवादो देल रुईस या ज्वालामुखीचे बर्फाच्छादित शिखर शहरातून स्पष्ट दिसते. थोड्याच वेळात खालच्या दऱ्यांतून ढग वर चढतात आणि शिखर दिसेनासे होते. शहर सोडून बस चिंचिना गावाच्या दिशेने उतरू लागली की हवा उबदार होते. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉफीची झुडपे सुरू होतात. उतार इतके तीव्र, की ही झाडे लावली आहेत की टांगली आहेत, असा प्रश्न पडावा!

जगभरातले प्रवासी इथे कॉफीसाठी येतात. पण लॅटिन अमेरिकेतल्या पाहुण्याला हे डोंगर पाहताना हमखास एक नाव आठवते. ते नाव म्हणजे गाविओता. स्पॅनिश भाषेत गाविओता म्हणजे समुद्रपक्षी. डोंगरात कॉफी तोडणाऱ्या एका मुलीचे हे टोपणनाव १९९४ साली कोलंबियाच्या घराघरांत पोहोचले. ‘काफे, कोन आरोमा दे मुहेर’ म्हणजे ‘स्त्रीच्या गंधाची कॉफी’ ही ती मालिका. लेखक होते फर्नांडो गाइतान आणि गाविओता साकारली होती मार्गारिता रोसा दे फ्रान्सिस्को या अभिनेत्रीने.

ओसरी आणि बराक

लॅटिन अमेरिकेतील दूरदर्शन मालिकांना टेलिनोव्हेला म्हणतात. त्यांतल्या प्रेमकथा प्रेक्षकांना एवढे का खिळवून ठेवतात, याचे उत्तर शोधायचे तर एखाद्या जुन्या कॉफीच्या मळ्यात जावे.

मळ्याच्या मधोमध मालकाचे ऐसपैस घर असते. बांबूच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, वर कौले, चहूबाजूंनी लांबरुंद ओसरी. दारे-खिडक्या आणि कठडे लाल, निळ्या, हिरव्या रंगांत रंगवलेले. काही घरांचे छप्पर चाकांवर सरकते. ऊन असले की छप्पर बाजूला सारून माळ्यावर कॉफीचे वाळवण घालायचे आणि पाऊस दिसला की छप्पर ओढून घ्यायचे! याच घरापासून हाकेच्या अंतरावर मजुरांची बराक असते. तिथे ओळीने मांडलेल्या खाटा, एक सामाईक स्वयंपाकघर आणि दिवसभराच्या मालाचे वजन करायला काटा.

ओसरीवरून बराक दिसते आणि बराकीतून ओसरी. दोन्हींतले अंतर चालून जायला दोन मिनिटे लागतात. पण सोयरीक म्हणून ओलांडायला पिढ्या पुरत नाहीत. गाइतान यांनी आपली प्रेमकथा नेमकी याच अंतरात रचली.

गाविओता आणि तिची आई दर हंगामाला कासाब्लांका नावाच्या मळ्यावर तोडणीसाठी येतात. मळा वायेहो या धनाढ्य घराण्याचा. म्हातारे मालक वारतात आणि त्यांचा नातू सेबास्तिआन अंत्यसंस्कारासाठी युरोपातून घरी येतो. दोघे प्रेमात पडतात. त्याला परत जायचे असते. पुढच्या हंगामात इथेच भेटायचे, असे ठरते.

साधीच गोष्ट. पण पुढचा हंगाम उजाडेपर्यंत बरेच काही घडून जाते. ती त्याला शोधत युरोपात पोहोचते, फसवली जाते, पोटातले मूल गमावते. उशिरा परतते तेव्हा त्याचे दुसरीशी लग्न झालेले असते. मग ती वेगळ्या नावाने राजधानी बोगोटात कॉफी निर्यात करणाऱ्या कंपनीत नोकरी धरते आणि स्वतःच्या हिमतीवर एकेक पायरी चढत जाते. ती कंपनीही त्याच घराण्याची!

हंगामाचे घड्याळ

अशा कथेत प्रेक्षकाला नायक-नायिकेपेक्षा नेहमी थोडे जास्त ठाऊक असते. ती का आली नाही हे त्याला माहीत नसते. घरी बसलेल्या प्रेक्षकाला मात्र माहीत असते. ‘अरे, तिला एकदा विचार तरी!’ असे पडद्याकडे पाहून म्हणावेसे वाटते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सगळे घर पुन्हा पडद्यासमोर जमते, ते त्यामुळेच.

पण नुसते गैरसमज कुणी महिनोन् महिने पाहत नाही. अडथळा खरा असावा लागतो. या डोंगरांत तो डोळ्यांनी दिसतो. कॉफीच्या एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे एकाच वेळी असतात. पिकलेले फळ तेवढेच तोडायचे. म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. असल्या उतारावर यंत्र चालत नाही. कमरेला टोपली बांधून सगळे काम हातांनीच करावे लागते. मजुरी किलोवर. एका भागातला हंगाम संपला की मजूर दुसऱ्या भागाकडे निघतात. अशा फिरत्या मजुरांना तिथे ‘आंदारिएगो’, म्हणजे भटके म्हणतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

अशा माणसाने ‘पुढच्या हंगामात भेटू’ म्हटले तर त्या शब्दाला वजन असते. ना पत्ता कायमचा, ना काम कायमचे. खात्री असते ती एवढीच, की फळ पुन्हा लाल होईल. गाविओताच्या वाट पाहण्यात प्रेक्षकांना आपले वाट पाहणे दिसले, ते त्यामुळे.

शिवाय काळही तसाच होता. कॉफीचे भाव सांभाळणारी आंतरराष्ट्रीय कोटा पद्धत १९८९ साली कोलमडली आणि भाव गडगडले. मालिकेतल्या घराण्याच्या चिंता प्रेक्षकांनी वर्तमानपत्रात वाचलेल्याच होत्या. तोवर कोलंबियाच्या कॉफीचा जगाला माहीत असलेला चेहरा म्हणजे जाहिरातीतला मिशाळ शेतकरी हुआन वाल्देस आणि त्याचे खेचर. मालिकेने त्याच्या शेजारी एक तोडणी करणारी स्त्री आणून उभी केली.

तिकडून इकडे

टेलिनोव्हेलाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ती संपते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या अमेरिकी मालिकांसारखी ती रेंगाळत नाही. शेवट गोड होणार हे प्रेक्षकाला बहुधा ठाऊक असते. तो कसा होणार, याचीच उत्सुकता.

या मालिकांचे भारताशी जुने नाते आहे. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको भेटीनंतर तिथल्या समाजप्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर आपल्याकडे ‘हमलोग’ आली, ती १९८४ साली. पुढे गाइतान यांनीच १९९९ साली लिहिलेली बेट्टी ही ‘कुरूप’ मुलगी २००३ मध्ये हिंदीत ‘जस्सी’ होऊन घराघरांत पोहोचली. तिथेही प्रेम जुळायचे होते ते मालक आणि नोकरदार मुलगी यांच्यात, एकाच कचेरीच्या दोन टेबलांमधले अंतर ओलांडून.

आजचे डोंगर

भाव पडल्यावर अनेक मळेवाल्यांनी आपल्या ओसऱ्या पाहुण्यांसाठी उघडल्या. शेजारच्या किंदिओ प्रांतात १९९५ साली कॉफीवरचे मोठे उद्यान सुरू झाले. २०११ मध्ये युनेस्कोने हा सारा कॉफीप्रदेश जागतिक वारसा ठरवला. सालेंतो गावात रंगीत सज्जांची घरे पाहावीत, जुन्या विलीज जीपमध्ये दाटीवाटीने बसून कोकोरा दरीत जावे आणि तिथले साठ मीटरपर्यंत वाढणारे मेणताड मान उंचावून पाहावेत. मानिसालेसच्या बाजूला तोडणी पाहायची असेल तर सप्टेंबर ते डिसेंबर हा मुख्य हंगाम. पाऊसही तेव्हाच असतो, हे लक्षात ठेवावे.

२०२१ साली गाविओताची कथा नव्या कलाकारांसह पुन्हा आली आणि परदेशांतही आवडीने पाहिली गेली. मळे मात्र बदलले आहेत. पूर्वीही कासाब्लांकासारखे मोठे मळे थोडेच होते. कोलंबियात पाच लाखांहून अधिक कुटुंबे कॉफी पिकवतात आणि त्यांतल्या बहुतेकांकडे जेमतेम काही एकर जमीन आहे. त्यांची मुले शहराकडे जात आहेत आणि ऐन हंगामात तोडणीला माणसे मिळत नाहीत, ही आजची मोठी चिंता आहे. गाविओतानेही बोगोटाची वाट धरली होती. फरक एवढाच, की तिची कथा तिला या डोंगरांकडे परत आणते.

संध्याकाळी मळ्यात काट्यापाशी रांग लागते. एकेक पोते काट्यावर चढते, आकडा वहीत उतरतो. पोते उतरवून ठेवणारी एखादी मुलगी क्षणभर पाठ सरळ करते आणि समोरच्या ओसरीकडे पाहते. तिथे कठड्याला टेकून पाहुणे कॉफी पीत असतात. मधले अंतर अजूनही तेवढेच आहे, दोन मिनिटांचे.