पान तीनवरचा जर्मन क्लब

पुण्यातल्या आमच्या शाळेत आठवीपासून संस्कृत किंवा जर्मन घेता यायचं. मी जर्मन घेतलं. पुढे १९९६ मध्ये बाबांच्या कंपनीने त्यांना अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पाठवलं आणि मिलवॉकीजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये माझं नाव घातलं गेलं. इंग्रजी मला येत होतं, पण मधल्या सुट्टीत मुलं ज्या वेगाने बोलायची तो झेपत नव्हता, म्हणून मी गप्प असायचे. जर्मनच्या तासाला मात्र सगळे सारखेच. क्रियापद वाक्याच्या शेवटी न्यायचं म्हटलं की सगळ्यांची तारांबळ उडायची. मला ते मराठीमुळे सोपं जायचं, आणि पुण्यातल्या बाईंनी घोटून घेतलेलं व्याकरणही पाठीशी होतं. पहिल्या मैत्रिणी मला त्याच वर्गात मिळाल्या.

तिथल्या शाळांमध्ये परदेशी भाषांचे क्लब असतात. आमच्याकडे स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन असे तीन होते. जर्मनच्या बाईंना सगळे नुसतं ‘फ्राऊ’ म्हणत. शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गात क्लब भरायचा. ६ डिसेंबरला संत निकोलसाच्या दिवशी दाराबाहेर बूट मांडायचे, नाताळाआधी जिंजरब्रेडची घरं करायची आणि शुक्रवारी संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्याला ब्राटवुर्स्टचा स्टॉल लावायचा. मी मांसाहार करत नव्हते, म्हणून गल्ला माझ्याकडे असायचा. जमलेले पैसे जर्मनीतल्या शाळेशी होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी जायचे. १९७२ पासून चालत आलेल्या या उपक्रमामागे गोएथे इन्स्टिट्यूटचा हात आहे. पुण्यात आपण जिला मॅक्समुल्लर भवन म्हणतो तीच ही संस्था. हे कळलं त्या दिवशी मी आजीला सविस्तर पत्र लिहिलं होतं.

वर्तमानपत्रात मला फ्राऊंनीच ढकललं. शाळेचा अंक महिन्यातून एकदा निघायचा. एका खोलीत मॅकिंटॉश संगणक होते, त्यांवर पेजमेकरमध्ये पानं लावली जायची आणि मग गावातल्या छापखान्यात जायची. बातमीदार, उपसंपादक, संपादक सगळी मुलंच. देखरेखीला एक शिक्षिका असायच्या, त्यांना ‘ॲडव्हायझर’ म्हणत. नव्या मुलांना पान तीन मिळायचं, म्हणजे क्लबच्या बातम्या: बैठक कुठे झाली, अध्यक्ष कोण निवडला गेला, केक विकून किती पैसे मिळाले. जाहिरात आली की पहिली कात्री त्यावरच. पण ॲडव्हायझर बाई त्यातलं एकेक नाव तपासायच्या. नावाचं स्पेलिंग चुकलं तर अख्खा अंक चुकला, असं त्या म्हणायच्या. माझं नाव कुणालाच धड लिहिता येत नव्हतं, त्यामुळे मला ते मनापासून पटलं.

‘जुन्या अंकांतून’ असं एक सदर आम्ही चालवायचो. त्यासाठी बाईंनी मला ग्रंथालयात पाठवलं. मागच्या खोलीत लोखंडी कपाटात काळ्या कापडी बांधणीचे जुने अंक होते. पानं तपकिरी झालेली, कडा बोट लागताच तुटायच्या. १९१४ चा खंड उघडला आणि मी थक्क झाले. जर्मन क्लब त्या शाळेत सर्वांत मोठा होता! नाताळचं नाटक, गाण्यांचा कार्यक्रम, नदीकाठची सहल आणि खाली सभासदांच्या नावांचा भरगच्च रकाना. १९१५ चा अंकही तसाच. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, आणि त्यानंतरच्या अंकांत क्लबची बातमी दोन ओळींवर आली. १९१८ च्या शरद ऋतूतल्या अंकात ती नाही. क्लब बंद झाला असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या जागी युद्धकर्जाच्या रोख्यांचं आवाहन होतं.

मी तो खंड घेऊन फ्राऊंकडे गेले. त्यांनी मला खाली बसवलं आणि मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलमधली सुमारे २४ टक्के मुलं जर्मन शिकत होती. १९२२ मध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. आमच्याच राज्यात बॅराबू नावाच्या गावात १९१८ मध्ये हायस्कूलची जर्मनची पुस्तकं जाळली गेली आणि शाळेतली जर्मन भाषा इथे मेली अशा अर्थाचा मजकूर जमिनीवर लिहिला गेला. त्याचं छायाचित्र विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेकडे आहे. शेजारच्या आयोवात गव्हर्नरने सार्वजनिक ठिकाणी आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला मनाई केली होती. नेब्रास्कात कायदाच झाला: आठवी पास होईपर्यंत मुलांना परदेशी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने एका दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मनमध्ये बायबलमधली गोष्ट वाचून घेतली म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९२३ मध्ये जिंकला. पण तोवर वर्ग रिकामे झाले होते.

त्या शिक्षकाचा मला आजही फार आदर वाटतो. पंचवीस डॉलर भरून गप्प बसणं किती सोपं होतं!

यावर लिहायचं मी ठरवलं. फ्राऊंनी क्लबमधल्या एका मुलाच्या पणजीचं नाव सुचवलं. त्या नव्वदीच्या पुढच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या. १९१७ मध्ये त्या आमच्याच शाळेत नववीत होत्या. मी झेरॉक्स केलेलं सभासदांचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भिंग घेतलं, एकेका नावावर बोट ठेवत खाली आल्या आणि स्वतःच्या नावापाशी थांबल्या. मग सांगू लागल्या. जर्मनचे मास्तर एका सोमवारी आले नाहीत आणि परत कधीच आले नाहीत. घरी वडिलांनी जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बोलायचा नियम केला. आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे आई जेवताना बोलेनाशी झाली. “आम्हाला कुणी मारलं नाही, काही नाही. आम्हीच घाबरून बोलणं सोडलं,” असं त्या दोनदा म्हणाल्या. निघताना त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं, तुझी आई घरी कुठली भाषा बोलते? मी मराठी म्हटलं. त्यावर, ती सोडू नका, एवढंच म्हणाल्या.

लेख तयार झाला तेव्हा प्रश्न आला तो छापण्याचा. १९८८ च्या हेझलवूड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुख्याध्यापकांना शाळेच्या वर्तमानपत्रातला मजकूर काढण्याचा मोठा अधिकार दिला आहे. मिसुरीतल्या एका शाळेत मुलींनी लिहिलेली दोन पानं मुख्याध्यापकांनी परस्पर गाळली होती, त्यावरून तो खटला झाला. काही राज्यांनी नंतर विद्यार्थी पत्रकारांना संरक्षण देणारे कायदे केले, आमच्या राज्यात त्या वेळी तसा कायदा नव्हता. गावातली जुनी घराणी दुखावतील, असं काही जणांचं म्हणणं पडलं. मुख्याध्यापकांनी लेख मागवून घेतला. आमची संपादक, अकरावीतली मुलगी, माझ्याबरोबर आली आणि जुने खंड त्यांच्या टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाली, “सर, हे आपल्याच वर्तमानपत्रात छापलेलं आहे.” त्यांनी खंड चाळले, दोन तारखा पुन्हा तपासायला सांगितल्या आणि लेख परत दिला. एक शब्दही न गाळता तो पान एकवर आला.

त्यानंतर पत्रं आली. एका आजोबांनी १९५९ सालचा क्लबचा फोटो पाठवला. स्पुटनिकनंतर १९५८ मध्ये अमेरिकेने परदेशी भाषांच्या शिक्षणासाठी कायदा करून पैसा ओतला, तेव्हा आमच्या शाळेत जर्मनचे वर्ग वाढले आणि क्लब पुन्हा उभा राहिला, हे त्या फोटोमुळे आम्हाला जोडता आलं. सरकारी धोरण गावातल्या एका वर्गखोलीपर्यंत कसं पोचतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता मी पुण्यातच जर्मन शिकवते. आमची मुलं भित्तिपत्रक फार सुंदर करतात: म्युनिकचा नकाशा, स्वतःच्या कविता, पाककृती, कोपऱ्यात गणपतीची गोष्ट जर्मनमध्ये. महिनाभर ते फळ्यावर असतं आणि मग नवं लावताना जुनं फाडलं जातं. शाळेच्या वार्षिक अंकात भाषा मंडळाला अर्धं पान मिळतं, तेही फोटोंनी भरलेलं, खाली एकाही मुलाचं नाव नाही. मला हे मुळीच मान्य नाही. त्या गावात जर्मन बोलणारी एक पिढी गप्प झाली, आणि तिची साक्ष द्यायला पान तीनवरचा नावांचा रकाना तेवढा उरला होता.

भाषा शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना आणि शाळांच्या वार्षिक अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. भित्तिपत्रक उतरवण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा, त्यावर तारीख घाला, सगळ्या मुलांची पूर्ण नावं लिहा, आणि वार्षिक अंकाची एक प्रत ग्रंथालयात बांधून ठेवा.