समुद्र नसलेल्या गावचं समुद्रवैभव

लातूरहून तेरला जाताना समुद्राची आठवण व्हावी असं वाटेत काहीच नसतं. सोयाबीन-तुरीची शिवारं, उसाने लादलेल्या ट्रॉल्या आणि पावसावर जीव टांगून वाहणारी तेरणा. पाण्याचा विषय निघाला की इथली माणसं 2016 चा एप्रिल काढतात; तेव्हा लातूरकरांची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. समुद्राशी रोजचा संबंध म्हणाल तर तो आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या ढिगापुरता.

आणि तरीही धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात, रामलिंगअप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात, समुद्र भेटतो. शंखाच्या बांगड्यांत भेटतो. रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या पदकांत भेटतो. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जवळची बहीण 1938 मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईत सापडली. व्हेसुव्हियसने पाँपेई गाडलं ते इसवी सन 79 मध्ये. म्हणजे त्याआधीच अशी एक मूर्ती दख्खनच्या कलेचा वारसा घेऊन समुद्रापार पोचली होती.

तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट या अभ्यासकाने 1901 मध्ये मांडलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. तिथला माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरावर जाई. त्यात मुख्य होतं कापड: जाडंभरडं आणि तलम, दोन्ही. बंदर भडोचला होतं, पण त्याचं पोट तेरसारख्या गावांवर भरत होतं.

संग्रहालयात फिरताना नेमकं हे कापडच दिसत नाही. कुंभार संत गोरोबाकाकांच्या या गावात मातीची खेळणी, मूर्ती, भांडी टिकली. कापड मात्र उरलं नाही. ज्याच्या जोरावर तगरचं नाव समुद्रापार गेलं, ते विणणाऱ्या हातांची काचेआड काही खूण नाही.

पोर्तुगालमधल्या पोर्तिमाव शहराचं नशीब या बाबतीत बरं. तिथला मासे डबाबंद करणारा जुना कारखाना बंद पडला, पण पाडला गेला नाही. 2008 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं आणि 2010 मध्ये त्याला युरोप परिषदेचा पुरस्कारही मिळाला. मासा साफ कसा व्हायचा, डब्यात कसा भरायचा, ते काम कोण करायचं, हे सगळं तिथे कामगारांच्या बाजूने सांगितलं आहे.

मराठवाड्यालाही अशी संधी आहे, आणि ती पुन्हा कापडाचीच आहे. नांदेडची उस्मानशाही मिल निजामी राजवटीत, मीर उस्मान अली खानाच्या नावाने उभी राहिली. आसपासच्या कापसाचं तिथे सूत आणि कापड झालं. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. तिथे पाळ्या केलेल्या लोकांची घरं आजही शहरात आहेत.

तेरच्या लामतुरेअप्पांनी काही सरकारी आदेशाची वाट पाहिली नव्हती. गावच्या पांढरीत सापडणाऱ्या, इतरांना खापऱ्या वाटणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या. त्यातूनच आजचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. नांदेडच्या महाविद्यालयांनी आणि इतिहासप्रेमींनी हेच काम मिलसाठी हाती घ्यावं. हजेरीकार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनची पत्रकं, जुने फोटो घराघरांतून मागून घ्यावेत आणि म्हाताऱ्या कामगारांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं. इमारतीचं काय करायचं ते सरकार ठरवील. ही माणसं आहेत तोवर एवढं तरी करून ठेवावं.