ठसका

‘ठसका’ हा शब्द मराठीने मोठ्या चातुर्याने घडविला आहे. लावणीचा डौल आणि मिरचीने घशाला दिलेला धक्का, दोन्ही तिने त्या एकाच शब्दात बसविले. आमच्या सोलापुरात दोहोंचीही टंचाई नाही. शेंगांची चटणी कुटली जात असली, की शेजारचा पाहुणादेखील खोकत खोकत विचारतो, “काय बेत आहे?” पण गंमत बाजूला ठेवली, तर ठसका हा देहाच्या दारावरचा पहारेकरी आहे. आत येऊ नये असे काही उंबऱ्याशी आले, की तो ओरडून घर जागे करतो. आणि माणसाची खोड अशी, की त्या पहारेकऱ्याला झोपविण्याचा उद्योग तो चारशे वर्षे निष्ठेने करीत आला आहे.

चिलीमच पाहा ना! तंबाखू तोंडात येऊ नये म्हणून तिच्यात खडा घातला. धूर गार व्हावा म्हणून खाली ओली छापी गुंडाळली. एवढ्यानेही भागेना, तेव्हा नारळाच्या करवंटीत पाणी भरून त्यातून धूर ओढला, आणि गुडगुडी जन्मली. या प्रत्येक सुधारणेमागे कुणा अनामिकाची बुद्धी आहे. हेतू मात्र एकच: धूर आत जावा आणि घशाने तक्रार करू नये.

या खटपटीची एक जुनी हकिकत आमच्या शेजारच्या विजापूरची आहे. अकबराचा दूत असदबेग १६०४च्या सुमारास तेथे गेला होता. तेथे त्याला तंबाखू दिसली. ती नुसती पुडीत बांधून नेली असती तर तो दरबारी कसला? त्याने तीन हात लांबीची अचिनची नळी मिळविली, तिची टोके मिन्याने मढविली, तोंडाशी यमनी अकीक बसविला, तंबाखू जाळण्यासाठी सोन्याचे पात्र केले आणि मग हे सारे बादशहापुढे ठेवले. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला. अकबराने पुढे ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र घेतली. नळीचा ठसका पाहून घशाचा ठसका विसरण्याचा परिपाठ तेव्हापासूनचा.

आजची चिलीम विजेवर चालते. गेल्या वर्षी आमच्या नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात जाडजूड पेनासारखी एक वस्तू सापडली. मी ती टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “उघडून दाखव.” पठ्ठ्याने क्षणात तिचे सारे भाग सुटे केले. “सर, ही टाकी. हिच्यात रस भरायचा. हा कापूस तो शोषून घेतो, ही तार तापते, आणि वाफ होते.” मूळची तार काढून त्याने स्वतः दुसरी बसविली होती. सुईवर तिचे वेढे असे एकसारखे घातले होते, की कांडी भरणाऱ्याने मान डोलवावी. शिवाय हवेचे भोक कोरून मोठे केले होते. “हे कशाला रे?” मी विचारले. “वाफ गार येते, सर. आधी ठसका लागायचा. आता लागत नाही.”

चार आठवड्यांपूर्वीच मी त्याच्या वर्गात ओहमचा नियम शिकविला होता. तेव्हा हाच गडी खिडकीबाहेर पाहत होता! ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर दीड ओहमची तार सुमारे ९ वॅट उष्णता देते. रोध अर्ध्या ओहमवर आणला, की तीच २७ वॅट होते. एवढ्या आचेला कापूस कोरडा पडला, तर रसातले ग्लिसरीन विघटन पावते आणि फॉर्मल्डिहाइड तयार होते. बाटलीतला बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षे टिकतो, ते याचेच द्रावण.

पोराला एकट्याला काय बोल लावावा? २०१५ साली अमेरिकेत निकोटिनला बेन्झोइक आम्लाची जोड देऊन विकणे सुरू झाले. सरबत टिकविणारे तेच हे आम्ल. त्याने निकोटिनचा घशाला लागणारा तिखटपणा गेला आणि शाळकरी मुले त्या वाफेला भुलली. २०१९ मध्ये तेथेच गांजाचा अर्क पातळ करून विकणाऱ्यांनी तो दाट दिसावा म्हणून त्यात ‘ई’ जीवनसत्त्वाचा ॲसिटेट मिसळला. पोटात चालणारा पदार्थ फुप्फुसाला चालला नाही. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले ६८ जण दगावले. आपल्याकडे सप्टेंबर २०१९च्या वटहुकुमाने आणि पुढे डिसेंबरातल्या कायद्याने या वस्तूंचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आली. तरी त्या दप्तरापर्यंत पोहोचल्याच.

संध्याकाळी मी मुलाच्या घरी गेलो. आजी विड्या वळत बसली होती. आमच्या गावात हजारो बायकांचे संसार या सुपावर चालले आहेत. कुंभारीला २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, यावरून कल्पना यावी. मी सारे सांगितले. नातू पुटपुटला, “आजी, त्यात धूर नसतो, नुसती वाफ असते.”

आजीचे हात थांबले नाहीत. पान, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचे वेढे. तिचेही वेढे तसेच एकसारखे! मग तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, “गुरुजी, उभ्या जन्मात मी विडी ओढली नाही. नुसत्या धुळीनं हे झालं.” आणि नातवाकडे वळून, “ठसका लागू नये असं केलंस होय रे? मग तुला कळायचं कसं?”

मुलगा खाली मान घालून बसला. त्याने ते सोडले की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या बोटांत कसब आहे एवढे मात्र खरे, आणि कसब कोणाच्या चाकरीला जुंपावे हे त्याचे त्यालाच ठरवायचे आहे. आजीच्या प्रश्नाइतके चांगले उत्तर मला पुस्तकात सापडलेले नाही.

आता दिवाळीच्या चिवड्याची फोडणी पडेल, मिरची तडतडेल आणि सारे घर खोकू लागेल. खुशाल खोकू द्या. पहारेकरी जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ.