बातमीबाई, ठराव होईपर्यंत थांबा

श्रीमती बातमीबाई यांना,
आटपाडीहून सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

इकडे सगळं ठीक आहे. टेंभू योजनेच्या पाण्याचं आवर्तन सुरू आहे, डाळिंबाच्या बागांना बहार धरलाय आणि टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची माणसं रोज एकमेकांना विचारतायत, आपल्याकडं पाणी कधी? तुमची खुशाली सकाळी पेपरचा गठ्ठा उतरला की कळतेच.

पत्राला निमित्त झाला समुद्र. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तो पाहिलेलाही नाही. जुलै 2024 मध्ये पॉल वॉटसन यांना ग्रीनलंडमध्ये जपानच्या मागणीवरून अटक झाली. देवमाशांची शिकार अडवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते हे वॉटसन. त्यांची पांढरी दाढी, हातातल्या बेड्या, डिसेंबरातली सुटका, सगळं तुम्ही दाखवलंत. पण ते ‘कांगेई मारू’ या जपानच्या नव्या जहाजाला अडवायला निघाले होते आणि त्याच वर्षी जपानने फिन जातीचा देवमासाही शिकारीच्या यादीत घातला होता, हे मला स्वतः शोधून वाचावं लागलं.

ही सवय तुम्हाला आजची नाही. जानेवारी 2010 मध्ये अंटार्क्टिकाजवळ ‘एडी गिल’ ही आंदोलकांची बोट आणि जपानच्या शिकारी ताफ्यातलं जहाज यांची टक्कर झाली, ती जगभर दिसली. पुढे 31 मार्च 2014 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं, की जपानची तिथली शिकार शास्त्रीय संशोधनासाठी ठरत नाही, परवाने रद्द करा. दुसऱ्या दिवशी माझ्या हाती आलेल्या पेपरात तुम्ही आतल्या पानावरची एवढीशी चौकट होतात. आपल्याकडे तर देवमासा छापून येतो तो बहुतेक वेळा ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून, जप्तीच्या कोटींच्या आकड्यासह. तो जगतो कसा, त्याच्यासाठी कुणी जिवावर उदार होऊन का भांडतं, याला जागाच उरत नाही.

उपकार मात्र विसरलेली नाही. 1975 साली ग्रीनपीसची माणसं रबरी होड्यांतून सोव्हिएत जहाजांच्या हार्पूनसमोर गेली, ते चित्रण तुम्ही घराघरात पोचवलंत. 1982 मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला, त्यामागे जी हवा तयार झाली तिच्यात तुमचाही वाटा आहे. चित्राची ताकद तुमच्याजवळ आहे, म्हणूनच तर हे पत्र.

बाई, देवमाशाचं दुःख मला इतकं कळतं, कारण आमच्याशीही तुम्ही असंच वागलात. 1993 साली आटपाडीत पहिली पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, म्हणजे बारमाही पाण्याच्या गावचे. तरी 13 दुष्काळी तालुक्यांसाठी ते उभे राहिले. सोबत सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते, डॉ. भारत पाटणकर होते. मागणी नुसती ‘पाणी द्या’ एवढीच नव्हती. पाणी प्रत्येक कुटुंबाला समान मिळालं पाहिजे, जमीन नसलेल्यालासुद्धा, असं ही माणसं म्हणत होती. हवेतल्या गप्पा नव्हत्या त्या. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेची वाळू विकून बळीराजा धरण बांधलं होतं आणि तिथं भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा ठरवला होता.

वडिलांनी परिषदेची कात्रणं एका वहीत खळीनं चिकटवून ठेवली होती. ‘हजारोंचा मोर्चा’, ‘रास्ता रोको’, ‘दुष्काळग्रस्तांचा आक्रोश’, असे मथळे. फोटोत भेगाळलेली जमीन, नाहीतर हंडा घेतलेली बाई. आणि प्रत्येक कात्रणाच्या कडेला वडिलांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. पेपरात न आलेले ठराव ते तिथं लिहून ठेवायचे. कुठल्या धरणातलं किती पाणी कुठल्या तालुक्याला, भूमिहीनांचा हिस्सा कसा, उपशाच्या विजेचा खर्च कुणी सोसायचा. काही पानांवर तर छापलेल्या मजकुरापेक्षा पेन्सिलीचाच मजकूर जास्त.

तालुक्याच्या बातमीदारांना मी बोल लावत नाही. उन्हात आमच्याबरोबर तेही बसलेत, चार दमड्यांत राबलेत. माझं दुखणं वेगळं आहे. तुम्ही आटपाडीची होऊन येता आणि आटपाडीतच वाचल्या जाता. जिल्ह्याच्या पानावर आम्ही ठळक असतो, पण पाण्याचा निर्णय घेणारा माणूस मुंबईत ज्या आवृत्तीचा पेपर उघडतो, तिच्यात आमची ओळही नसते. आम्हाला आमचंच गाऱ्हाणं वाचायला मिळतं. बंद पाइपातून समन्यायी वाटपाच्या प्रयोगासाठी आटपाडी तालुका निवडला गेला. राज्यानं डोळे लावून पाहावी अशी ती गोष्ट, पण सांगलीच्या पलीकडे ती कितीजणांना ठाऊक आहे? मार्च 2012 मध्ये अण्णा गेले, तेव्हा तुम्ही मोठ्या अक्षरांत आलात. स्वातंत्र्यलढ्यात, प्रतिसरकारात त्यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल भरभरून लिहिलंत, ते योग्यच होतं. समान पाण्याचं त्यांचं गणित मात्र तेव्हाही वहीच्या कडेलाच राहिलं.

आता विनंती. मोर्चा नसेल तेव्हाही या. आवर्तन सुटलं की टेलला या, पाइपच्या तोंडाशी उभ्या राहा, कुणाच्या रानाला किती वेळ पाणी मिळतं ते घड्याळ लावून बघा. भूमिहीन बाईला विचारा, तुझ्या हिश्श्याचं काय झालं. देवमाशांसाठी कुणी जहाज अडवलं तर टक्कर जरूर दाखवा, पण का अडवलं ते पहिल्याच परिच्छेदात सांगा. आणि आमची बातमी एकदा तरी मुंबईच्या पानावर न्या.

पुढची परिषद भरेल तेव्हा दुपारी प्रेस नोट घेऊन परत फिरू नका. ठराव शेवटी वाचतात. भाकरी आम्ही बांधून आणतोच, तुमच्यापुरतीही आणू.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
आटपाडीची एक जुनी वाचक