आवाजाची निर्यात

निर्यात म्हटले की तुमसरच्या बाजारातली तांदळाची पोती माझ्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आवाजाचीही निर्यात करावी लागते आणि त्या मालालाही वाटेत पाय फुटतात, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते. मराठी शिकवून पोट भरणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

पुण्याच्या हेमा राईरकर, गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्यांतल्या पुष्कळशा ‘पारी’च्या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायलाही मिळू लागल्या. त्या वर्गात ऐकवताना एके दिवशी मनात आले, की आपली माय आंबागडला बसली आहे. तिच्या ओव्या कोणी घेतल्या? गेल्या कोजागिरीला गावी गेलो तो सामान घेऊनच. मंडपवाल्याचा मायक्रोफोन मायपुढे ठेवून तो एका चिमुकल्या ध्वनिमुद्रकाला जोडला. मोबाइल पंच्यात गुंडाळून जात्याला टेकवला. घरघर त्यात यावी म्हणून. कित्येक वर्षे कोपऱ्यात पडलेले जाते शेजारच्या काकूंनी आणि मायने फिरवायला घेतले. किल्ल्याच्या डोंगरामागून उजाडत होते. माय अर्धा तास गायली. एका ओवीत तिने माझ्या धाकट्या बहिणीचे नाव गुंफले. माझे नाव कुठे येते याची मी वाट पाहत होतो. ते आले नाही.

आठवड्याने मायला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली.

नागपूरहून बहिणीचा फोन आला, “भाऊ, मायच्या ओव्या पाठव ना.” मी लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उघडले. दोन्ही मुद्रणे एकाखाली एक लावली, ऐकली, जतन केली आणि फाइल पाठवून दिली. तिच्या फोनवर ती उघडेचना! मी पाठवली होती ती कामाची फाइल; ती त्या सॉफ्टवेअरलाच वाचता येते. शिजलेला भात पाठवायचा सोडून मी चूल, पातेले आणि धान पाठवले होते. ऐकण्याजोगी फाइल बनवायची तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. ते केले, तर नुसती जात्याची घरघर. ऐकता ऐकता मायचा पट्टा मी ‘म्यूट’ करून ठेवला होता, आणि मुका केलेला पट्टा निर्यातीत धरला जात नाही. हाही दोष माझाच.

तिसरी फाइल मी कानांना हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकली. माय स्पष्ट गात होती. निश्चिंत मनाने पाठवली. रात्री बहिणीचा फोन आला. “भाऊ, जातं ऐकू येते. माय दूर कुठं तरी पलीकडच्या घरात गाते असं वाटते. माझं नाव आहे म्हणालास, ते कुठं आहे?” मी चिडलो, तिच्या फोनला दोष दिला. मग गावी जाऊन मायच्या जुन्या फोनवर तीच फाइल लावली. जाते घरघरले. माय नव्हती. खाटेवरून तिने माझ्याकडे पाहिले, ते मला अजून विसरता येत नाही.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायली, तेव्हा मेणावरचे मुद्रण तबकड्या काढण्यासाठी थेट जर्मनीत हॅनोवरला गेले. चूक निघाली असती तर तिला महिन्यांनी कळली असती. मला दोन सेकंदांत कळली होती, पण कारण कळत नव्हते. पुढले चार दिवस मी आवाज वाढवला, एमपी३ऐवजी वेव्ह फाइल काढली, सॉफ्टवेअर नव्याने बसवले. लॅपटॉपवर माय असायची, फोनवर नसायची.

उलगडा झाला तो मंडईत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार होते. तिथे ध्वनिवर्धक सांभाळणाऱ्या पोराला मी सहज हकिकत सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला, “सर, हेडफोनमधी आवाज डोक्याच्या मधात येते, का मागून आल्यावानी वाटते?” खरेच, तो मागून, पोकळ आल्यासारखा वाटे, मी ते मायच्या वयावर ढकलले होते! “मंग वायर पाहा,” तो म्हणाला.

तीन टोकांच्या त्या मायक्रोफोनच्या तारेतून एकच आवाज दोनदा जातो, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. वाटेत शिरणारी खरखर मात्र दोन्हींत सारखीच असते. पुढचे यंत्र एकातून दुसरा वजा करते. खरखर जाते, आवाज दुप्पट होतो. माझ्या चिमुकल्या यंत्राला ही वजाबाकी ठाऊक नव्हती. जोडतारेने पोचवलेला सुलटा आवाज त्याने डावा मानला, उलटा उजवा मानला. दोन कानांनी ऐकले तर दोन्ही ऐकू येतात. एकाच भोंग्याच्या फोनमध्ये डावे-उजवे मिसळतात आणि तंतोतंत उलटे असल्याने एकमेकांना खाऊन टाकतात. आमच्या विभागाच्या बैठकीत दोन ज्येष्ठ प्राध्यापक असेच समान जोराने बोलतात आणि इतिवृत्त कोरे राहते. फोनवर जो क्षीण आवाज उरला होता, तो मोबाइलने पंच्यातून टिपलेला.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. मायच्या जोडपट्ट्याचे दोन एकेरी पट्टे केले, एक पुसला आणि पुन्हा एक्स्पोर्ट केले. या वेळी आधी मायच्याच फोनवर ऐकले आणि मगच नागपूरला पाठवले. बहिणीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. बोलणे फारसे झाले नाही.

मायने सगळे ऐकले. डावा हात गोधडीवर हळूहळू गोल फिरत होता. संपल्यावर तिने जड जिभेने काही तरी म्हटले. मला समजेना. तिने दोनदा पुन्हा म्हटले, तेव्हा कळले, “खुंटा ढिल्ला हाये.”

खुंटा खरोखरच ढिला होता. दर फेऱ्याला त्याची करकर ऐकू येते. ती पुसण्याची सोयही त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी ती वापरलेली नाही.