ओढ्याच्या जागेत आखलेली बाग

दक्षिण पुण्यातल्या एका दाट वस्तीसाठी उद्यानाची जागा सुचवायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मी आधी संगणकापुढे बसले आणि जागेवर नंतर गेले. बहुतेक चुका या उलट्या क्रमामुळे झाल्या.

पद्धत नावाजलेली होती. लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्ग यांनी 1969 साली ‘डिझाइन विथ नेचर’मध्ये ती मांडली. पाणी, माती, उतार, झाडोरा या प्रत्येकाचा पारदर्शक नकाशा करायचा, ते एकावर एक ठेवायचे आणि काय उमटतं ते बघायचं. आता हेच काम क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर होतं. मी उतार, मोकळी जमीन, वस्तीपासूनचं अंतर आणि मालकी असे चार थर घेतले, प्रत्येकाला गुण दिले, बेरीज केली. ओढ्याकाठचा एक सपाट, सरकारी तुकडा सगळ्यांत वर आला. मी तिथे खेळाची जागा, फरसबंदी चौक आणि बाकंसुद्धा आखून टाकली.

मग जागेवर गेले. उन्हाळा होता, जमीन टणक, ओढ्यात जेमतेम पाणी. काठावरच्या बाभळीच्या फांद्यांत माझ्या डोक्याच्या वर चिंध्या, प्लास्टिक आणि वाळलेला गाळ अडकलेला होता. मी बघतच राहिले. शेळ्या चारणाऱ्या एक मावशी जवळ आल्या. म्हणाल्या, “ताई, गणपतीत आलात तर इथं उभं राहता यायचं नाही.” पाणी कुठपर्यंत चढतं, ते त्यांनी पलीकडच्या भिंतीवर हात ठेवून दाखवलं. तिथे गाळाची फिकट रेघ अजून होती.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर मला आठवतो. कात्रजकडून येऊन मुठा नदीला मिळणारा तो ओढा त्या रात्री घरांत शिरला, माणसं दगावली. हे माहीत असूनही माझ्या चार थरांत पुराचा थर नव्हता. नदीची निळी आणि लाल पूररेषा मी पाहिली होती. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही या तुकड्यापासून लांब होत्या, म्हणून मी निर्धास्त झाले. पण त्या मुठेच्या रेषा होत्या. या लहान ओढ्याची रेषा माझ्या नकाशात नव्हतीच, आणि रेषा नाही म्हणजे पूर नाही असं मी धरून चालले. ही सगळ्यांत मोठी चूक. पूरमैदानात बांधकाम नको, असं मॅकहार्ग स्पष्ट सांगतात. मी त्यांची पद्धत उचलली आणि त्यांनी ज्याला महत्त्व दिलं, ते पाणीच वगळलं.

उंचीची माहिती एसआरटीएमची होती, म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेली. तिचा एक चौकोन साधारण 30 मीटरचा. वीस-पंचवीस फुटांचा ओढा आणि त्याचे काठ एकाच चौकोनात गडप होतात, त्यामुळे पाण्याची वाट मला ‘सपाट जागा’ म्हणून दिसली. हिरवाईसाठी सेंटिनेल-2 उपग्रहाचं चित्र एप्रिलमधलं घेतलं, कारण पावसाळ्यात ढग असतात. एप्रिलमध्ये कुसळी, मारवेल वाळलेलं असतं. संगणकाने ती जमीन पडीक ठरवली आणि मी तिला ‘मोकळी’ असं नाव दिलं. तिथे शेळ्या चरत होत्या, पावसाळ्यात पाणी पसरून मुरत होतं. ती जागा कामात होती.

अंतराचंही तेच. वस्तीच्या मध्यावरून 400 मीटरचं वर्तुळ काढलं की पाच मिनिटांत चालत जाता येईल असा हिशेब आपण सर्रास धरतो. जागा त्या वर्तुळात बसत होती. पण मध्ये ओढा आणि एका सोसायटीची उंच भिंत. लहान पोरांना घेऊन बाईला मुख्य रस्त्याने पुलावरून वळसा घालावा लागला असता, एक किलोमीटरहून जास्त. रस्त्याने मोजणं अवघड नव्हतं, मी मोजलं नाही.

गुणांबद्दल मला अजून वाईट वाटतं. सपाटपणाला 30, मालकीला 20 हे आकडे मी टेबलापाशी बसून ठरवले होते. बैठकीत रंगीत नकाशा पडद्यावर आला की त्यावर सहसा कुणी प्रश्न विचारत नाही. तसंच झालं. माझं मत तिथे मोजमाप म्हणून खपलं, आणि मी ते खपू दिलं.

आम्ही आराखडा मागे घेतला. खालचा तुकडा गवताचाच ठेवावा, त्यात भराव किंवा फरसबंदी करू नये, अशी शिफारस केली. उद्यानासाठी वस्तीच्याच बाजूची, उंचावरची लहान जागा सुचवली. ती पहिल्या नकाशात खूप खाली होती, कारण आकार वेडावाकडा आणि थोडा चढ. तिचा सातबारा आणि मोजणी यांचा मेळ अजून बसलेला नाही, म्हणून काम थांबलेलं आहे. यंदा पावसाळ्यात त्या मावशींना आणि वस्तीतल्या इतरांना बरोबर घेऊन ओढ्याच्या पाण्याच्या खुणा आम्ही भिंतींवरून, झाडांवरून उतरवून घेणार आहोत.