‘म्हणे’ हा शब्द गाळू नका

१/ ‘राणी निघून गेली’ आणि ‘राणी निघून गेली म्हणे’. पहिल्या वाक्यात बोलणारा साक्षीदार ठरतो, दुसऱ्यात केवळ निरोप्या. इतिहास वाचताना मला ‘म्हणे’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. का, ते एका ग्रंथाच्या आधारे सांगतो.

२/ ग्रंथ आहे ‘माझा प्रवास’. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. आठवणी मात्र त्यांनी सुमारे २५ वर्षांनी लिहिल्या. चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादित केलेले पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले.

३/ ‘गोडसे विश्वसनीय आहेत का?’ हा प्रश्न आम्हा विद्यार्थ्यांच्या चर्चेत नेहमी निघतो. मला तो अपुरा वाटतो. विश्वास अख्ख्या ग्रंथावर ठेवायचा नसतो. तो वाक्यागणिक ठरवायचा असतो. म्हणून मी समासात तीनच शब्द लिहितो: पाहिले, ऐकले, वाटले.

४/ पाहिले: एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली आणि शहरात कत्तल व लूट झाली. गोडसे तेव्हा जीव मुठीत धरून लपले होते. इंग्रज फौजेतील डॉक्टर थॉमस लो यांच्या १८६० च्या पुस्तकातही त्या संहाराचे वर्णन आहे. परस्परविरोधी बाजूंचे दोघेजण एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिचे वजन वाढते.

५/ ऐकले: इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे धर्म बुडवणारी ८४ कलमे ठेवली, ही हकीकत. असे काही घडले नव्हते. तरीही ती टाकाऊ नाही. अशा वार्तांवर लोकांचा विश्वास बसत होता, हे तिच्यावरून कळते. कलमे खोटी, पण धर्म जाईल ही धास्ती खरी.

६/ वाटले: राणी लक्ष्मीबाईंविषयीचा गोडसे यांचा आदर. प्रतिपक्षाचा सेनापती ह्यू रोज यानेही त्यांच्या शौर्याची प्रशंसा केली. दोन्ही मतेच आहेत; परंतु ती कोणी, कोणत्या बाजूस उभे राहून व्यक्त केली, ही वस्तुस्थिती आहे. एखाद्याचे मत नोंदवताना त्याचे नाव पुसले, की मत वस्तुस्थितीच्या वेषात फिरू लागते.

७/ हा काटेकोरपणा कशासाठी? समजा, आपण ८४ कलमांची हकीकत ‘प्रत्यक्षदर्शी पुरावा’ म्हणून पसरवली. उद्या कोणी ती सहज खोडून काढील आणि म्हणेल, ‘हा भटजी तर गप्पाच मारतो.’ मग त्याच तडाख्यात झाशीच्या कत्तलीची साक्षही उडवली जाईल. ऐकीव गोष्टीला दिलेल्या खोट्या प्रतिष्ठेची किंमत खऱ्या साक्षीला मोजावी लागते, आणि त्या साक्षीबरोबर झाशीच्या गल्ल्यांत मेलेली माणसेही विस्मृतीत जातात.

८/ तेव्हा मित्रहो, पुढे काही सांगताना क्रियापद जपा. ‘गोडसे यांनी पाहिले’, ‘त्यांच्या कानावर आले’, ‘त्यांना वाटले’, आणि आपले अनुमान असेल तिथे ‘मला वाटते’. वाक्य दोन शब्दांनी लांबेल. लांबू द्या.